तार आली की दार उघडायचं

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत निवृत्त पोस्टमास्तर बाईंनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी, नमस्कार.

पत्रिकेत माझा विषय 'बातमी आणि आपलं घर' असा छापलाय. मला खरं म्हणजे एकाच बातमीवर बोलायचंय. ती आतल्या पानावर चार बोटं जागेत येते. निवृत्त शिक्षिकेला 'डिजिटल अरेस्ट'ची, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक झाल्याची, भीती घालून अमुक लाखांना गंडा. गाव बदलतं, आकडा बदलतो, बातमी तीच. ती वाचून घराघरात काय बोललं जातं, तेही ठरलेलं आहे. 'एवढं शिकूनसवरून कळू नये?' की पान उलटलं. माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे. हे वाक्य चोराला मदत करतं. कशी, ते सांगते, पण त्याआधी जरा तारेकडे जाऊन येते.

मी १९८१ साली टपाल खात्यात लागले. छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी सातारा जिल्ह्यात. घरी आलेली तार कुणी कुणी पाहिलीय? हात वर करा बघू. पुढच्या तीन रांगा आल्या. मागे बसलेल्या मुलांसाठी सांगते, तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, त्यामुळे कुणी खुशाली तारेनं कळवत नसे. पोस्टमन अवेळी दारात दिसला, हातात गुलाबी कागद दिसला, की बाईच्या पोटात गोळा यायचा. त्यात सातारा जिल्हा. घरटी एक माणूस फौजेत. तिथे तारेची भीती काय असेल, ते वेगळं सांगायला नको.

पण त्या भीतीचं पुढे काय व्हायचं, ते बघा. तार आली हे एका मिनिटात आळीभर व्हायचं. ज्या घरात आली त्या घरात इंग्रजी वाचणारा नसायचा, म्हणून कुणीतरी मास्तरांना बोलवायला पळायचं. तोवर शेजारीपाजारी ओसरीवर जमायचे. म्हातारीला पाणी द्यायचे. तार फुटायची ती दहा माणसांच्या देखत.

एकदा काय झालं. मी नवीन होते. आमच्या पोस्टमननं एका घरी तार दिली आणि घरातल्या आजीनं ती हातात घेताच हंबरडा फोडला. मुलगा मुंबईला. जमलेल्या बायकांनीही गळा काढला. एकीनं तर आत जाऊन चुलीवर पाणी ओतलं, कारण सुतकात चूल पेटवायची नाही. मास्तर आले, त्यांनी चष्मा पुसला, तार वाचली आणि म्हणाले, "आजी, पोरगा रेल्वेत लागला." तुम्ही हसताय, तशी ती सगळी आळी हसली होती. ओली चूल पुन्हा पेटवायला अर्धा तास गेला आणि मग त्याच चुलीवर शिरा झाला. आम्हाला पोस्टात आणून दिला. त्याची चव अजून जिभेवर आहे.

वाईट तारासुद्धा अशाच फुटल्या. त्याही मी दिल्यात. त्यांच्याबद्दल आज बोलत नाही. एवढंच सांगते, की त्या घरातली बाई एकटी नव्हती. तार आली की दार उघडायचं. १४ जुलै २०१३ला ती सेवा संपली. सेवा संपली याचं मला तेवढं दुःख नाही, फोन आले, बरंच झालं. दुःख याचं, की भीतीची खबर आल्यावर दार उघडायची जी सवय होती, ती तारेबरोबर गेली.

आता माझ्या थोरल्या बहिणीचं सांगते. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिला विचारूनच सांगतेय. ती म्हणाली, "सांग, पण आकडा नीट सांग, कमी करून सांगू नकोस." अकरा लाख चाळीस हजार.

आक्का चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. यजमान गेल्यापासून फ्लॅटमध्ये एकटी असते, मुलगा परदेशात. एका मंगळवारी सकाळी फोन आला. तुमच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डावरून गुन्हा झालाय, दोन तासांत नंबर बंद होईल. मग 'वरिष्ठांना' जोडून दिलं. व्हिडिओवर खाकी वर्दीतला माणूस, मागे राजमुद्रा, टेबलावर तिरंगा. त्यानं तिला मराठीत विचारलं, "आई, तुम्ही शिक्षिका ना?" आई म्हणाला, हे तिला अजून बोचतं. मग सांगितलं, की तुम्ही चौकशीत आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, हे राष्ट्रीय सुरक्षेचं प्रकरण आहे, कुणाला सांगितलंत तर त्यांनाही आत घ्यावं लागेल. मुलाचं नाव घेतलं. तिथे ती कोसळली.

दोन दिवस, दोन रात्री. झोपताना फोन उशाशी, चार्जिंगला लावून, कॅमेरा चालू. कामाच्या मावशींनी बेल वाजवली, तर दार न उघडता आतूनच सांगितलं, "दोन दिवस येऊ नका, पाहुणे आलेत." बुधवारी संध्याकाळी मी स्वतः फोन केला होता. मला म्हणाली, "जरा कणकण आहे, नंतर बोलते." मी म्हटलं, काढा घे. एवढंच. दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली, मुदत ठेव मोडली, आरटीजीएस केलं. काउंटरवरच्या मुलानं पॅनकार्ड मागितलं, सही जुळवली. सत्तरीची बाई एकटी येते, अकरा लाखांची ठेव मुदतीआधी मोडते, अनोळखी खात्यावर पाठवते, हात थरथरतोय, आणि 'आजी, सगळं ठीक आहे ना?' एवढं त्याला विचारावंसं वाटलं नाही. मी काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य काढलंय, म्हणून मला याचा राग येतो. आमच्याकडे म्हातारी माणसं बचत खात्यातून पैसे काढायला यायची, तेव्हा कुणाचा मुलगा मागे उभा राहून चिमटा काढतोय, हे आम्हाला दिसायचं. पाहायचं ठरवलं की दिसतं.

घरी आम्हाला कधी कळलं? सतरा दिवसांनी. आणि कळल्यावर मी पहिलं वाक्य काय बोलले? "आक्का, अगं तू गणिताची बाई, तुला कळलं कसं नाही?" मी बोलले हे. वर्तमानपत्र वाचताना जे बोलत आले, तेच. ती काही बोलली नाही. महिन्यानं म्हणाली, "तू असंच म्हणशील हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं, म्हणून सतरा दिवस गप्प बसले."

त्या सतरा दिवसांना किंमत आहे, ती पैशांत मोजता येते. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार गेली की यंत्रणा पैसा ज्या खात्यात गेलाय तिथे थोपवायचा प्रयत्न करते. चोर तो पैसा भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून तुकडे करत पुढे पाठवत असतो. पहिले काही तास फार मोलाचे. सतरा दिवसांनी काय थोपवणार? पहिल्या खात्यात शिल्लक काहीच नव्हतं.

चिटणीस घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? सात. बरं, मुद्द्यावर येते. इतका वेळ आक्कात गेला, पण तो जायलाच हवा होता.

मुद्दा असा, की 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात कुठेही नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४मध्ये 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं. फोनवर कित्येक महिने सायबर फसवणुकीची सूचना वाजत होती, आपण तिला कंटाळलो. तरीही गंडा बसतोच आहे. सायबर फसवणुकीत २०२४ या एका वर्षात देशात २२,८४५ कोटी रुपये गेले, हा संसदेत सांगितलेला आकडा. माहिती कमी पडते असं मला वाटत नाही. आक्कानंही ती सूचना ऐकली होती. ऐन वेळी माहिती आठवायला शेजारी माणूस लागतो, आणि चोर पहिलं काम करतो ते माणूस तोडायचं.

म्हणून कायद्याची एकच गोष्ट लक्षात ठेवा. पोलीस खरोखर अटक करतात, तेव्हा त्यांना ती नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावीच लागते. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली डी. के. बसू खटल्यात हे बजावलं आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८मध्ये ते आहे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, वकिलाशी बोलू द्यावं लागतं, हे तर संविधानाच्या २२व्या अनुच्छेदातच आहे. म्हणजे 'घरी सांगू नका' असं जो म्हणतो तो पोलीस नाही. वर्दी, मुद्रा, झेंडा काही तपासत बसू नका. हे एक वाक्य कानावर आलं की फोन ठेवा आणि दार उघडा.

आणखी दोन गोष्टी भराभर सांगते. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या गुन्ह्यांची स्वतःहून दखल घेतली, ती अंबाल्याच्या एका वृद्ध बाईंनी लिहिलेल्या पत्रावरून. त्यांना आणि त्यांच्या यजमानांना त्याच न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून लुबाडलं होतं. डिसेंबरात न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिला. ती बाई लाजून गप्प बसली असती, तर? तिनं पत्र लिहिलं. मी पोस्टातली, मला त्या पत्राचं फार वाटलं.

दुसरं, आग्र्यात २०२४ साली एका शिक्षिकेला असाच फोन आला, मुलगी पोलिसांनी पकडलीय म्हणून. मुलगी कॉलेजात सुखरूप होती. मुलानं धीर दिला, खात्री करून दिली, तरी त्या धक्क्यानं बाईंचं हृदय थांबलं. तेव्हा हा पैशांपुरता विषय नाही. रक्तदाबाच्या गोळीइतकाच तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीचा विषय आहे.

आणि फोन करणाऱ्यांबद्दल एकच. त्यातली काही पोरं नोकरीच्या आमिषानं म्यानमारला नेलेली, कोंडून ठेवलेली असतात. मार्च २०२५मध्ये आपल्या सरकारनं तिथून ५४९ जणांना हवाई दलाच्या विमानांतून परत आणलं. तीही कुणाची तरी मुलं. यावर बोलायचं होतं, ते राहिलं.

संपवते. बाहेर टेबलावर मी कागद ठेवलेत, जाड अक्षरांत. वर १९३० लिहिलंय. त्याखाली 'मला असा फोन आला तर मी पहिला फोन याला करीन' आणि पुढे रिकामी रेघ. घरी नेऊन भरायचा नाही, इथेच भरायचा. ज्याचं नाव लिहाल, त्याला आज रात्री फोन करून सांगायचं, की तुझं नाव लिहिलंय, आणि तू मला 'एवढं शिकूनसवरून कळू नये?' हे वाक्य म्हणायचं नाहीस. आक्का टेबलापाशी बसलीय, पेनं तिच्याकडे आहेत.