मनगटावरचा नाद

(पडद्यावर घड्याळाची तबकडी, अगदी जवळून.)

आठ, नऊ, दहा... तासांच्या खुणा कशा शिस्तीत चालल्या आहेत. आता अकरावर थांबा. इथे एका रेघेच्या जागी दोन रेघा आहेत, लगटून बसलेल्या. छपाई हुकली की काय, असं वाटावं.

हुकलेली नाही. अमेरिकन जॅझ पियानोवादक थेलोनिअस मंक यांच्या जन्मशताब्दीला, २०१७ मध्ये, ओरिस या स्विस कंपनीने हे घड्याळ काढलं. सतारीची तार ओढली की मींड निघते. पियानोला ती सोय नाही. पट्टी दाबली की ठरलेलाच सूर. मग मंक शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबायचे. त्यातून निघणारा तो बोचरा, अधलामधला सूर म्हणजे या दोन रेघा.

तबकडीवर व्हायोलिन छापायला फारशी अक्कल लागत नाही. वादकाची खोड ओळखून एकच खूण बिघडवायची, याला मात्र कान लागतो.

(तबकड्यांची झरझर मालिका.)

१९७६ मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या रेमंड वाइल कंपनीने घड्याळांना नावंच दिली ती संगीतातली: आमाडेउस, पार्सिफाल, माएस्ट्रो, टोकाटा. घड्याळं देखणी आहेत, यात वाद नाही. पण नाव झाकलं तर संगीत उरतं का?

(दुसऱ्या एका घड्याळाच्या पेटीच्या कडेची सरकपट्टी. बोट ती सरकवतं.)

हे ऐका. तीन खर्जातले ठोके: तीन वाजलेत. मग तीन जोडठोके, प्रत्येक जोडी पाव तासाची. शेवटी दोन बारीक, उंच ठोके. तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटं. याला मिनिट रिपीटर म्हणतात. वीज नव्हती तेव्हा अंधारात वेळ कळावी म्हणून ठोके देणारी घड्याळं आली, त्याच घराण्यातलं हे. यंत्राभोवती वळवलेल्या पोलादी तारांवर इवल्या हातोड्या पडतात. तार कानसेने किंचित घासायची, ऐकायचं, पुन्हा घासायची; कारागीर सूर असा जुळवतो. जास्त घासली गेली तर तार बाद. पेटीचा धातूही आवाजात ढवळाढवळ करतो. प्लॅटिनम दिमाखदार खरं, पण नाद गिळतं. बारा वाजून एकोणसाठ मिनिटांनी पट्टी सरकवली तर बत्तीस ठोके मोजत बसावं लागतं. तेवढ्यात एक वाजायचा.

(काचेखाली दोन हिरवी वेटोळी. मध्ये नादकाटा.)

आणि हे माझं लाडकं. अमेरिकेच्या बुलोव्हा कंपनीचं अ‍ॅक्युट्रॉन घड्याळ, १९६०. स्विस अभियंता माक्स हेट्झेल यांनी घड्याळाचा ताल धरणारं झुलतं चक्र काढून टाकलं आणि तिथे चक्क नादकाटा बसवला, वाद्यं जुळवताना वापरतात त्याच जातीचा. बॅटरी आणि ट्रान्झिस्टरच्या जोरावर तो सेकंदाला ३६० वेळा थरथरतो. प्रत्येक थरथरीला एक सूक्ष्म रत्न तीनशे दात्यांचं चाक एका दात्याने पुढे ढकलतं. त्या चाकाचा व्यास अडीच मिलिमीटरसुद्धा नाही!

टिकटिक नाहीच. कानाशी धरा, सलग गुंजारव ऐकू येतो. सेकंदकाटाही उड्या मारत नाही, वाहतो.

याचं स्पेसव्ह्यू हे रूप आधी दुकानदारांसाठी होतं. आतली करामत दिसावी म्हणून तबकडी काढलेली. गिऱ्हाइकं तेच मागू लागली, आणि कंपनीने ते विकायला काढलं. नक्षी नाही, चित्र नाही. आवाज काढणारा भागच इथे शोभेचा झाला.

आज हे जुनं घड्याळ चालवायचं तर वेगळीच पंचाईत. मूळ पाऱ्याच्या बॅटऱ्या १.३५ व्होल्टच्या, आणि त्या आता बनत नाहीत. हल्लीची सिल्व्हर ऑक्साइडची बॅटरी १.५५ व्होल्टची. ती घातली की नादकाटा जास्तच झोकात थरथरतो, रत्न कधीकधी एकाऐवजी दोन दाते ओढतं आणि घड्याळ भलतंच द्रुतगतीत निघतं. मग दुरुस्ती करणारा सूक्ष्मदर्शकाखाली ते रत्न केसभर सरकवून त्याला पुन्हा लयीत आणतो.