फोनची चौकट आणि खरी खिडकी

नमस्कार श्रोतेहो. फोनचा पडदा काचेसारखा आरपार भासावा, असं अॅप कसं बनवायचं ते आज बघू. फोन आडवा धरून कॅमेरा खिडकीवर रोखा आणि एक डोळा मिटा. का, ते शेवटी सांगतो. पडद्यातले गज आणि फोनच्या कडेबाहेरचे खरे गज जुळतायत का? नाही ना? पडद्यातली खिडकी तिपटीनं लहान दिसेल.

हिशेब सोपा आहे. १५ सेंटीमीटरचा पडदा ४० सेंटीमीटरवर धरला की डोळ्यासाठी तो जेमतेम २१ अंश व्यापतो. मागचा कॅमेरा तेवढ्यातच साधारण ६५ अंशांचं दृश्य कोंबतो. ऑगमेंटेड रिअॅलिटीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या दृश्यात आभासी वस्तू मिसळून दाखवतात तिथे, घरात ठेवून बघितलेलं कपाट खेळण्यातलं वाटतं, ते बरंचसं यामुळेच.

म्हणून पडदा आरपार भासायला चित्र कॅमेऱ्याच्या जागेवरून न काढता डोळ्याच्या जागेवरून काढायचं. डोळा कुठे आहे हे पुढचा कॅमेरा सांगतो. दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर धरा. कॅमेऱ्याचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) ५०० पिक्सेल आणि चित्रात बाहुल्या एकमेकींपासून ८० पिक्सेल लांब असतील, तर ५०० गुणिले ६३ भागिले ८०, म्हणजे चेहरा ३९ सेंटीमीटरवर.

आता मागच्या चित्रातला नेमका तुकडा कापून पडदाभर ताणायचा. १९२० पिक्सेलांतून जेमतेम ५६५ उरतात, चित्र पुसट होतं. त्यामुळे मूळ चित्र फोर-केच, म्हणजे दुप्पट रुंद पिक्सेलांचं, घ्यावं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे प्रत्येकाला सुमारे १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात खोलीचा त्रिमितीय आराखडा दर वेळी नव्यानं बांधत बसू नका. लांबच्या दृश्याला नुसता तुकडा कापला तरी पुरतं. टेबलासाठी त्याला सपाट पृष्ठभाग मानून एकच होमोग्राफी लावा, म्हणजे सपाट पृष्ठभागाचं चित्र एका जागेवरून दुसऱ्या जागेवरचं करून देणारं गणित. टेबल जुळतं, त्यावरच्या कपाचा काठ मात्र सरकतो, कारण तो त्या पृष्ठभागावर नसतो.

दोन्ही कॅमेरे सतत चालले की फोन तापतो, प्रोसेसर मंदावतो. चेहरा सेकंदाला १५ वेळा शोधला तरी भागतं. मधल्या वेळात डोकं स्थिर मानून फोनच्या हालचालीवरून डोळ्याची जागा काढायची. बाहुल्यांचे आकडे थरथरतात. ते फार गुळगुळीत केले की चित्र मागे रेंगाळतं. इथे २०१२ सालचा वन युरो फिल्टर, म्हणजे आकड्यांतली थरथर गाळणारी एक पद्धत, कामाचा: हालचाल संथ असताना जास्त गाळतो, वेगात कमी.

आता त्या मिटलेल्या डोळ्याचं. नजर पडद्यावर ठरली की मागची खिडकी दुहेरी दिसते, मग जुळवायचं कोणत्या खिडकीशी? गणित इथे हात टेकतं. वापरणाऱ्याला सुरुवातीलाच त्याचा प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना तो ज्यानं बघतो तो, विचारून घ्या आणि चित्र त्याच डोळ्यासाठी काढा.