बाटलीतले शंभर थेंब

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस सुरू झालाय, शाळा भरल्यात, आणि एका मुलाचे डोळे आले की आठवड्याभरात अख्ख्या वर्गाचे येतात. म्हणून आज डॉक्टरांनी लिहून दिलेल्या अँटिबायोटिक आय ड्रॉप्सबद्दल बोलू. एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे, ती आत्ताच ऐकून ठेवा: एक बाटली, एक माणूस, एक आजारपण.

जरा हिशेब मांडा. बाटली ५ मिलीची. एका मिलीत साधारण २० थेंब, म्हणजे बाटलीत १००. डॉक्टरांनी समजा सांगितलं, एका डोळ्यात दिवसातून ४ वेळा एकेक थेंब, ७ दिवस. सात चोक अठ्ठावीस. मग उरलेले ७२ थेंब कुठे जातात? फ्रिजच्या दारात. तिथून पुढच्या पावसाळ्यात भाच्याच्या डोळ्यात, मग शेजारच्या काकूंच्या. कारण भरलेली बाटली टाकून देणं आपल्या जिवावर येतं. पण त्या काकूंचे डोळे बहुधा विषाणूमुळे आलेले असतात आणि अँटिबायोटिक मारतं फक्त जिवाणूंना.

विषाणूवरून एक गोष्ट आठवते, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

साल १९६९. आफ्रिकेतला घाना देश, राजधानी आक्रा. जून महिन्यात तिथे लोकांचे डोळे यायला लागले. साधेसुधे नव्हेत. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठायचा तो डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत, पापण्या सुजलेल्या आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचे लालभडक डाग. घरातल्या एकाला झालं की दुसऱ्याला व्हायला एखादा दिवस पुरायचा. नेमकं त्याच सुमारास जगात काय चाललं होतं? जुलैमध्ये अपोलो ११ उडालं, माणूस चंद्रावर उतरला आणि तिथली माती घेऊन परत आला. आपल्याकडे टीव्ही तेव्हा दिल्लीबाहेर पोचलाच नव्हता, बाकी देशाला रेडिओचाच आधार. आणि चंद्रावरचा माणूस बघण्यापेक्षा ऐकण्यातच जास्त मजा, असं आम्हा रेडिओवाल्यांचं ठाम मत आहे!

तर आक्राच्या लोकांनी सरळ हिशेब केला. वर कुणीतरी चंद्र उकरतंय आणि त्याची धूळ आमच्या डोळ्यांत पडतेय. रोगाचं नाव पडलं ‘अपोलो’. खरं तर यान उडायच्या आधीच साथ सुरू झाली होती, पण नाव पडताना कॅलेंडर कोण बघतं? पश्चिम आफ्रिकेत अजूनही डोळे आले की ‘अपोलो झाला’ म्हणतात.

ही साथ फिरत फिरत आशियात आली. १९७१ साली बंगालमध्ये पोचली, तेव्हा पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, छावण्या माणसांनी गच्च भरल्या होत्या आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच घोषणा होती. कोलकात्यात या रोगाला नाव पडलं ‘जय बांगला’. डोळे लाल दिसले की समोरचा विचारणार, काय, जय बांगला का? बंगाली माणसाच्या बोलण्यात तो शब्द अजून आहे. एकीकडे चंद्र, दुसरीकडे स्वातंत्र्ययुद्ध! नावं ठेवण्यात आपण पुणेकर पटाईत, पण या रोगाला काही आपण नाव ठेवलं नाही. ‘डोळे आले’ म्हणतो, पाहुणे आल्यासारखं. आणि पाहुण्यांसारखेच ते आठवड्याभरात आपणहून जातात.

पुढे जपानमधल्या शास्त्रज्ञांनी तो विषाणू शोधून काढला, एन्टेरोव्हायरस ७०. त्याच्यावर कुठलंही अँटिबायोटिक चालत नाही. २०२३ च्या जुलैत आपल्या आळंदीत डोळ्यांची मोठी साथ आली होती. अशा साथींमागे बहुतेक वेळा अ‍ॅडेनोव्हायरस असतो, त्याच्यावरही चालत नाही. रोग सातव्या दिवशी आपला आपण जातो, थेंब घालणाऱ्याला वाटतं थेंबांनी गेला, आणि ती बाटली घरात मानाने राहते. काळ्या गॉगलचंही तसंच. त्याने उजेड सोसवतो, साथ अडत नाही. नुसतं बघून डोळे येत नाहीत, ते हातातून, टॉवेलमधून, उशीच्या अभ्र्यातून येतात.

गोष्टीतच वेळ गेला. आता कामाचं.

पिवळा-हिरवा घट्ट पू येतोय, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, बुबुळाला खरचटलंय, किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, अशा वेळी डॉक्टर अँटिबायोटिक थेंब देतात. नवी बाटली आणलीत की आधी टोक बघा. पुष्कळ बाटल्यांचं टोक बंद असतं आणि झाकणाच्या आत एक बारीक काटा असतो. खालची कडी तोडायची, झाकण घट्ट खालपर्यंत फिरवायचं, की काटा टोकाला भोक पाडतो. ब्लेडने टोक कापू नका, सेफ्टी पिन खुपसू नका. भोक मोठं झालं की थेंब मोठा पडतो, औषध आधीच संपतं, शिवाय पिनेवरची घाण आत जाते ती वेगळीच.

आधी साबणाने हात धुवा. लेबल मोठ्याने वाचा, कानाचे थेंब डोळ्यात गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. लेबलवर हलवा असं लिहिलं असेल तर हलवा. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, बाटली बोटभर वर धरा, थेंब त्या खिशात. टोक पापणीला, पापणीच्या केसांना लागता कामा नये. लागलं तर जंतू बाटलीत जातात आणि पुढच्या वेळी पुन्हा डोळ्यात. थेंब एकच. खिशात जेमतेम एक मावतो, दुसरा गालावर येतो. मग डोळा अलगद मिटा, करकचून नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा. तिथूनच औषध नाकात आणि घशात उतरतं, थेंब घातल्यावर तोंड कडू होतं ते त्यामुळे. लहान मूल डोळा उघडत नसेल तर उताणं झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडा आणि डोळा उघडायला सांगा.

दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये ५ मिनिटं. मलम असेल तर सगळ्यात शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्स इन्फेक्शन संपेपर्यंत बंद. लाली गेली म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवू नका, आणि सांगितल्यापेक्षा जास्त दिवसही घालू नका.

आता सगळ्यात धोक्याचं. काही बाटल्यांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइडही असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल असं काही दिसतंय का बघा. या थेंबांनी लाली एका दिवसात जाते, म्हणूनच माणूस फसतो. उसाचं पातं डोळ्याला लागलं आणि बुरशीची जखम झाली, की स्टेरॉइड ती आतल्या आत वाढवतं आणि बुबुळावर कायमचं फूल पडतं. महिनोन्‌महिने घातलं तर काचबिंदू. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ‘तेच मागचं द्या’ म्हणू नका. पुन्हा सांगते, एक बाटली, एक माणूस, एक आजारपण.

बाटली उघडलीत त्या दिवसाची तारीख मार्करने तिच्यावर लिहा. छापलेली एक्स्पायरी सीलबंद बाटलीची असते. उघडल्यावर साधारण ४ आठवडे, काही औषधांना त्याहून कमी. कोर्स संपला की ते ७२ थेंब बाटलीसकट कचऱ्यात.

दोन दिवसांत उतार पडला नाही, डोळा ठणकतोय, उजेड सहन होत नाही, अंधूक दिसतंय किंवा बुबुळावर पांढरा ठिपका आलाय, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यातून पू येत असेल तर एक दिवसही थांबू नका. आणि जाताना, जी बाटली घालत होतात ती बरोबर घेऊन जा.