आवां परब आणि भिखा बेहरामची विहीर

श्रोतेहो, नमस्कार.

चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून वीर नरिमन रस्त्याने हुतात्मा चौकाकडे निघालात, की उजव्या हाताला ओव्हल मैदान आणि डाव्या हाताला क्रॉस मैदान लागते. या क्रॉस मैदानाच्या टोकाशी, कठड्याच्या आत आणि झाडांच्या सावलीत एक विहीर आहे. कार्यालय गाठण्याच्या घाईत असलेल्या हजारो माणसांना ती दिसत असूनही दिसत नाही, आणि पहिली काही वर्षे मीही त्यांच्यापैकीच एक होतो. ती भिखा बेहरामची विहीर. १७२५ साली खोदलेल्या या विहिरीने तीनशे वर्षे पूर्ण केली आहेत. समुद्र एवढा जवळ असूनही तिचे पाणी गोडे आहे, ही तिची पहिली ख्याती. दुसरी ख्याती अशी की वर्षातून एका ठरावीक दिवशी मुंबईचे पारशी बांधव पाण्याला वंदन करण्यासाठी येथे जमतात. त्या दिवसाला ते 'आवां परब' म्हणतात, आणि आज मी त्याच दिवसाविषयी बोलणार आहे.

प्रथम नावाकडे पाहू. पारशी पंचांगात महिन्याच्या तीसही दिवसांना आणि वर्षाच्या बाराही महिन्यांना देवतांची नावे आहेत. ज्या दिवशी महिन्याचे आणि दिवसाचे नाव एकच येते, तो दिवस परब मानला जातो. आठवा महिना आवां आणि महिन्याचा दहावा दिवसही आवां. त्यामुळे आवां महिन्यातला आवां रोज (रोज म्हणजे दिवस) हे पाण्याचे पर्व ठरते. आवां म्हणजे 'पाण्यांचे'. संध्येत 'आपो हि ष्ठा मयोभुवः' ही ऋचा ज्यांनी म्हटली असेल, त्यांना यातला 'आप' लगेच ओळखू येईल, कारण वेदांचे आणि अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाचे पाणी शब्दाच्या मुळाशी एकच आहे. 'अपां नपात्' ही देवता तर दोन्हीकडे जवळजवळ त्याच नावाने भेटते. या दिवशी जिची आराधना होते त्या जलदेवतेच्या अर्द्वी सूरा अनाहिता या नावातही 'सूरा' म्हणजे आपला 'शूर' आणि 'अनाहिता' म्हणजे जिला मळ लागलेला नाही अशी. 'परब' हा शब्दही आपल्या 'पर्व' शब्दाचाच भाऊ आहे. योगायोग असा की गुजरातीत पाणपोईलाही 'परब'च म्हणतात. त्या शब्दाची व्युत्पत्ती निराळी असली, तरी पाण्याच्या सणाला पाणपोईचे नाव मिळावे हे मला नेहमीच गोड वाटत आले आहे.

आता ही विहीर ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या भिखाजी बेहरामकडे वळू, कारण त्याच्या कथेत आपण मराठी माणसेही आहोत. भिखाजी गुजरातेतला. प्रवासात असताना मराठ्यांच्या शिपायांनी त्याला मुसलमान समजून पकडले आणि पांडवगडावर नेऊन कैदेत टाकले, अशी हकीकत सांगितली जाते. पांडवगड हे नाव ऐकताच आपल्याला वाईजवळचा गड आठवतो. पुढे त्याने अंगातला सुदरे हा धार्मिक सदरा आणि कमरेची कुस्ती ही पवित्र दोरी दाखवून आपण जरथुश्ती, म्हणजे पारशी धर्माचे, असल्याचे पटवून दिले आणि त्याची सुटका झाली. नंतर तो मुंबईला आला, आणि त्या गडावरूनच त्याच्या घराण्याला 'पांडे' हे आडनाव मिळाले, असे मानतात. ज्या माणसाच्या आडनावात त्याच्या कैदेची जागा कायमची राहिली, त्याने पुढे तहानलेल्यांसाठी विहीर खोदावी, या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा मोह मलाही होतो. पण त्या काळी विहीर बांधणे हा सर्वच धर्मांत पुण्याचा मान्यताप्राप्त मार्ग होता, हेही विसरता येत नाही.

१७२५ सालची ही जागा डोळ्यांसमोर आणायची, तर आजच्या बऱ्याच गोष्टी पुसून टाकाव्या लागतात. आज फ्लोरा फाउंटन आहे तेथे तेव्हा किल्ल्याचा चर्चगेट नावाचा दरवाजा होता. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा दरवाजा म्हणून त्याला ते नाव मिळाले होते. ही विहीर त्या दरवाजाबाहेरची, मोकळ्या जमिनीवरची. आज ज्या जमिनीवर मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या आहेत, ती भराव घालून मिळवलेली आहे. तेव्हा तेथे बॅकबेचे पाणी होते, म्हणजे समुद्र विहिरीला आजच्यापेक्षा फारच जवळ होता. एवढ्या खाऱ्या शेजारात गोडे पाणी लागावे याला श्रद्धाळू माणूस कृपा म्हणतो. भूजलाचा अभ्यासक सांगतो, की किनाऱ्याच्या जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी हलके असते, म्हणून ते जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. उपसा बेताचा असेल आणि वरची जमीन उघडी असेल, तर हा गोड्या पाण्याचा थर वर्षानुवर्षे टिकतो. या विहिरीच्या शेजारची जमीन तीन शतकांत पूर्णपणे कधीच झाकली गेली नाही. आधी किल्ल्यासमोरचे मोकळे एस्प्लनेड होते, आणि त्याचेच तुकडे होऊन आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने उरली. त्यामुळे क्रॉस मैदानावर पोरे क्रिकेट खेळत असतात, तेव्हा त्यांच्या पायांखाली पाऊस मुरण्याची जागा शाबूत आहे, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मुंबईत अशा विहिरी आणि तलाव एके काळी कितीतरी होते. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, पुढे तुळशीचे आणि तानसाचे आले, आणि हळूहळू जुन्या पाणवठ्यांची गरज संपली. धोबी तलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी ही आता बसथांब्यांची आणि चौकांची नावे आहेत. त्यांतले पाणी बुजले आणि शब्द तेवढे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर विहिरींवर दुसरेच संकट आले. शहरात हिवतापाने थैमान घातले होते, आणि त्याचा प्रसार करणारे डास घरोघरच्या विहिरींत वाढतात असे दिसून आल्यावर महापालिकेने विहिरी बुजवण्याचा किंवा बंदिस्त करण्याचा आग्रह धरला. ज्यांच्या पूजेला विहिरीचेच पाणी लागे अशा पारशी आणि हिंदू घरमालकांनी हरकती घेतल्या, आणि शेवटी झाकणाला तारेच्या जाळीचे छोटे दार ठेवण्यासारख्या तडजोडी निघाल्या. महापालिकेचे चुकले असे मी म्हणणार नाही. तापाने माणसे मरत होती. पण जे पाणवठे केवळ उपयोगाचे होते ते उपयोग संपताच गेले, आणि ज्यांच्याकडे वर्षातून एकदा का होईना माणसे ठरवून येत राहिली ते राहिले, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. भिखा बेहरामच्या विहिरीला तहानेपेक्षा तिथीने अधिक वाचवले.

त्या तिथीची एक गंमत सांगतो. मुंबईतले बहुतेक पारशी जे शहेनशाही पंचांग पाळतात, त्याचे वर्ष बरोबर ३६५ दिवसांचे असते. त्यात लीप वर्षाची सोय नसल्यामुळे त्यांचा प्रत्येक सण साधारण चार वर्षांत एक दिवस मागे सरकतो. सध्या आवां परब २२ मार्चला येते, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी जागतिक जलदिन म्हणून ठरवलेल्या तारखेलाच. अर्थात पुढच्या काही वर्षांत ते २१ मार्चवर जाईल आणि हा योग सुटेल. पण उलट दिशेने हिशेब केला तर काय दिसते? १७२५ पासून आजवर ७३ लीप दिवस झाले. तेवढे दिवस पुढे गेलो, तर विहीर खोदली त्या वर्षीचे आवां परब आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पडते. म्हणजे मृग अजून लागायचा आहे, विहिरींनी तळ गाठला आहे, आणि माणसे आकाशाकडे पाहत आहेत, अशा दिवसांत. पाण्याच्या देवतेला हात जोडायला वर्षातला याहून नेमका काळ मिळाला नसता. आज नळाला बाराही महिने पाणी असते, म्हणून मार्च काय आणि जून काय, आपल्याला सारखेच वाटतात.

या दिवशी विहिरीपाशी जे चालते ते फार शांत असते. ढोल नाही, ध्वनिक्षेपक नाही, मिरवणूक नाही. कोणी कार्यालयाला जाण्यापूर्वी येतो, कोणी दुपारच्या सुट्टीत, तर कोणी नातवंडांना घेऊन सायंकाळी. पुरुषांच्या डोक्यावर टोपी आणि वृद्ध स्त्रियांच्या डोक्यावर रुमाल असतो. काचेच्या पेल्यात तेलावर तरंगणारे दिवे लावले जातात, फुले आणि साखर वाहिली जाते, आवां न्यायेश ही पाण्याची प्रार्थना म्हटली जाते. काही कुटुंबे समुद्रावरही जातात. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने अडीच हजार वर्षांपूर्वी इराणी लोकांविषयी लिहून ठेवले आहे, की ते नदीत थुंकत नाहीत, हात धूत नाहीत आणि दुसऱ्यालाही तसे करू देत नाहीत. त्याला हा प्रकार नवलाचा वाटला असावा. आपल्या नद्यांच्या काठी उभे राहून वाचले, तर आपल्यालाही तो नवलाचाच वाटेल.

एक गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या कठड्याच्या आत पारशीतरांना प्रवेश नाही, आणि मी जे वर्णन केले ते बाहेर उभे राहून पाहिलेले आणि मित्रांकडून ऐकलेले आहे. तरुणपणी तसा फलक तेथे वाचून मला राग येत असे, कारण महाराष्ट्रातल्या माणसाला बंद पाणवठा म्हटले की १९२७ सालचे महाडचे चवदार तळे आठवते. पुढे मला या दोहोंतला फरक उमगला. चवदार तळे सार्वजनिक होते आणि तेथे माणसाला पिण्याचे पाणी नाकारले जात होते, तर ही अग्यारीसारखी एका छोट्या समाजाची उपासनेची जागा आहे. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात पारशी ५७,२६४ होते. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावातही याहून अधिक माणसे राहतात. तरीही आत जाऊन ते पाणी एकदा ओंजळीत घ्यावे असे वाटत नाही, असे मी सांगितले तर ते खोटे ठरेल.

पाणी मिळाले नाही, पण प्रसाद मात्र मिळत आला. माझे एक पारशी सहकारी परबाच्या दुसऱ्या दिवशी मेणकागदात गुंडाळलेली दाळनी पोरी आणत. तुरीच्या डाळीचे गोड पुरण, त्यात वेलची, जायफळ आणि सुका मेवा, आणि वर तुपाने खुसखुशीत झालेले जाड आवरण. होळीही त्याच सुमारास येत असल्यामुळे माझ्या डब्यात पुरणपोळी असे, आणि आमची अदलाबदल होई. तुमची पोळी इतकी पातळ की पुरण कागदावर पसरल्यासारखे वाटते, असे ते म्हणत. तुमची पोरी खायला सुरी लागते, असे मी म्हणत असे. निवृत्त झाल्यावरही ते दरवर्षी विहिरीवरून थेट आमच्या कार्यालयात येत राहिले. एका वर्षी परब रविवारी आले, तेव्हा सोमवारी सकाळी पहारेकऱ्याने मला बोलावून एक पुडके हातात दिले. वरच्या कागदावर त्यांनी गुजराती वळणाच्या मराठीत लिहिले होते, 'सुरी आतमदी ठेवली हाय.'