चार अक्षरं खिशात

कोल्हापुरातल्या गंगावेशीतला दुधाचा कट्टा. दिवेलागण झालीय. म्हशीची धार थेट पेल्यात पडते, वर फेस चढतो. आजोबांच्या कडेवरचं दीड वर्षाचं पोरगं हात लांब करून म्हणतं, "दुदू!" आजोबा लगेच, "दूध पायजे व्हय माज्या राजाला?"

हा शब्द त्याला कुणी मुद्दाम बसून शिकवला नाही. जन्मल्यापासून घरातलं प्रत्येक माणूस त्याच्याशी बोलत आलंय. ज्याच्याशी कुणी बोललंच नाही, त्या लेकराचं काय होतं?

मोगली आपल्या ओळखीचा. दूरदर्शनवर रविवारी सकाळी तो लागला की आमची अख्खी गल्ली टीव्हीसमोर. किपलिंगचं पुस्तक १८९४ चं. त्यातला मोगली लांडग्यांत वाढतो आणि तरी फर्डं बोलतो. त्याआधी १८६७ मध्ये बुलंदशहरच्या जंगलात लांडग्यांच्या गुहेत एक मुलगा सापडल्याची नोंद आहे. आग्र्याजवळ सिकंदऱ्याच्या अनाथालयात तो शनिवारी आला, म्हणून नाव शनिचर. तिथं तो दोन पायांवर चालायला शिकला. बोलला मात्र कधीच नाही. १८९५ मध्ये गेला.

लांडग्यांत वाढल्या म्हणतात त्या मिदनापूरच्या अमला-कमला या दोन मुलींची गोष्ट आम्ही घेत नाही. ती ज्या पाद्र्याच्या डायरीवर उभी आहे, त्या डायरीवर अभ्यासकांचा विश्वास उरलेला नाही.

फ्रान्समधल्या व्हिक्टरच्या नोंदी मात्र बारकाईनं ठेवल्या गेल्या. जानेवारी १८००. ऐन थंडीत आव्हेरों भागातल्या एका गावात तो रानातून आला. वय अकरा-बारा. नावाजलेले डॉक्टर म्हणाले, हा सुधारणार नाही. तरुण डॉक्टर इतारला ते पटलं नाही. कानाजवळ पिस्तूल झाडलं तरी हे पोर ढिम्म; पण मागं कुणी अक्रोड फोडला, की गर्रकन वळायचं! म्हणजे कान शाबूत होते. माणसाचा आवाज काही कामाचा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

फ्रेंचमध्ये दूध म्हणजे 'ले'; लिहिताना मात्र चार अक्षरं, L-A-I-T. इतारनं त्या शब्दाची चार सुटी अक्षरं त्याला ओळीनं लावायला शिकवली. आठवड्याभरानं, संध्याकाळी नेहमीच्या घरी दूध प्यायला निघताना व्हिक्टरनं कुणी न सांगता ती चार अक्षरं खिशात घातली. पोचल्यावर टेबलावर मांडली.

इतारच्या या खटपटी पुढं माँटेसरीबाईंनी अभ्यासल्या. त्याचं लिखाण त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून काढलं होतं. आज मंगळवार पेठेतल्या बालवाडीत पॉलिश पेपरच्या 'द'वरून बोट फिरवत एक मुलगी हसते, "बाई, गुदगुल्या हुत्यात!"

व्हिक्टर सलग असं कधी बोलला नाही. पाचेक वर्षांनी इतारनं हात टेकले. सांभाळत राहिल्या त्या मादाम गेरँ, १८२८ मध्ये तो जाईपर्यंत. जेवणाची मांडामांड व्हिक्टरकडं असायची. बाईंचे यजमान वारले, तरी त्यानं रोजच्यासारखं त्यांचं पान मांडलं. बाईंना रडू कोसळलं. तो थबकला. त्यानं ते सगळं उचललं, कपाटात ठेवलं. त्या जागी पुन्हा कधी पान मांडलं नाही.