महूला उतरा आणि पाण्यामागे चला

(राजेंद्रनगर, इंदूर येथे रविवारी सकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पोहे खाऊन आलेल्या श्रोत्यांसमोर बोलणं जोखमीचं असतं. त्यात जीरावन, म्हणजे आपला पोह्यांवरचा मसाला, जरा जास्त पडलं असेल तर सगळं लक्ष पाण्याच्या बाटलीकडे. पण आजचा विषयच पाण्याचा आहे, तेव्हा चालेल.

मी तीस वर्षं भूगोल शिकवला. ‘चंबळ नदीचा उगम कुठे?’ ‘महूजवळ, जानापावच्या डोंगरावर.’ एक गुण. ‘जलविभाजक म्हणजे काय?’ व्याख्या, दोन गुण. किती मुलांना हे गुण वाटले असतील त्याची गणती नाही. आणि मी स्वतः जानापावला पहिल्यांदा गेले ती निवृत्तीनंतर! इथून चाळीसेक किलोमीटर. तीस वर्षं मी जे शिकवत होते ते खिडकीबाहेर होतं आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. त्याचं प्रायश्चित्त म्हणून गुडघे चालताहेत तोवर चालतेय.

आपल्या राजेंद्रनगरला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे हे आपल्यापैकी निम्म्या लोकांना फक्त फाटकामुळे माहीत असतं, स्कूटर बंद करून उभं राहावं लागतं म्हणून. त्या फाटकातून जी डेमू, म्हणजे लोकल गाडी, जाते, तिच्यात बसायचं. राऊ, मग महू. स्टेशनच्या पाटीवर आता डॉ. आंबेडकर नगर आहे. तिकीट मागताना आपण महूच म्हणतो. अर्ध्या तासाचा प्रवास, आणि तेवढ्यात तुम्ही हिंदुस्थानच्या एका मोठ्या रेषेच्या अगदी काठाशी पोचता.

कुठली रेषा? आपण नेमके कुठे बसलोय बघा. इंदुरात पडलेला पाऊस कान्ह आणि सरस्वतीत जातो. हो, कान्हच, आपण जिला खान नदी म्हणत आलो ती. कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे हा पाऊस बंगालच्या उपसागरात. आता महूच्या पुढे पाताळपाणीच्या बाजूला पडलेला पाऊस बघा. तो चोरल नदीत जातो, चोरल बडवाहच्या बाजूला नर्मदेला मिळते आणि नर्मदा अरबी समुद्राला. शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, दोन वेगळे समुद्र. हाच तो दोन गुणांचा जलविभाजक. महू आणि पाताळपाणी यांच्या मधे कुठेतरी ही पाठ फिरते. तिथे पाटी नाही, दगड नाही. डोंगर तर मुळीच नाही. सपाट शेतंच आहेत, सोयाबीन आणि गहू. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मोठ्या अपेक्षेने शोधत होते. एका शेतातल्या काकांना विचारलं, ‘इथलं पाणी कुठल्या बाजूला जातं?’ ते म्हणाले, ‘बाई, यंदा कुठंच नी जाय, पाऊसच नी हे.’

आणि आपल्या नळाला काय येतं? नर्मदा. नर्मदाकाठच्या जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, पाचशे मीटरच्या वर चढवून. नर्मदा इंदूरला आणा म्हणून झालेलं १९७०चं आंदोलन इथे बसलेल्या कित्येक आजोबांना आठवत असेल, काहींनी त्यात घोषणाही दिल्या असतील. १९७८ला पाणी आलं. म्हणजे जी नर्मदा स्वतःहून अरबी समुद्राला निघाली होती, तिला आपण पंपाने घाट चढवून आणतो, तिच्यात डाळ शिजवतो, आंघोळ करतो आणि कान्हमधून बंगालच्या उपसागराकडे लावून देतो. निसर्गाने आखलेली रेषा रोज सकाळी आपल्या मोरीत ओलांडली जाते. हे कळलं त्या दिवशी मी नळ बंद करायला जरा जास्त वेळ लावला, बघत उभी राहिले. बिलाची काळजी नंतर आली.

तर, महूला उतरून चालायचं. पाताळपाणी सहा किलोमीटरच्या आसपास. रिक्षा मिळते, पण पहिल्या वेळी पायीच जा, नाहीतर ती न दिसणारी रेषा खरंच न दिसता राहील. गावातून निघताना छावणीचे जुने बंगले लागतात. महिदपूरला २१ डिसेंबर १८१७ला होळकरांचा पराभव झाला, पुढच्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि त्यातून महूची छावणी उभी राहिली. याच छावणीत रामजी सुभेदारांच्या घरी १४ एप्रिल १८९१ला बाबासाहेबांचा जन्म झाला. कोकणातल्या आंबडव्याचं कुटुंब माळव्याच्या छावणीत. जन्मभूमीचं स्मारक सकाळीच बघून घ्या. परतीच्या वेळी बुटांना इतका चिखल असतो की आत जायची लाज वाटते.

चिखलाचं हसण्यावारी नेऊ नका. ‘मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ असं आपण अभिमानाने म्हणतो. पण त्या गहन गंभीर धरतीवरून सप्टेंबरात चालून बघा. पावलागणिक बुटाला पावशेर माती चिकटते. चार पावलांनी तुमची उंची वाढलेली असते. त्यामुळे मी सांगते की पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. धबधब्याला पाणी असतं आणि वाट कोरडी असते. मार्च-एप्रिलात गेलात तर धबधब्याची फक्त एक ओली रेघ दिसेल, पण तेव्हा पळस फुललेला असतो.

पाताळपाणी म्हणजे माळवा संपतो ती जागा. तोवर सगळं ताटासारखं सपाट आणि मग एकदम पायाखालचं ताट कुणीतरी मोडलेलं. चोरल तिथून तीनशेएक फूट खाली उडी घेते. हा सगळा काळा बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच दगड; पुण्या-साताऱ्याकडच्या पाहुण्यांना मी मुद्दाम दाखवते. खाली विंध्याचा उतार, साग, पळस, मोह, तेंदू. पावसाच्या सुरुवातीला नवरंग पक्षी येतो, दिसण्याआधी ऐकू येतो. दूधराजही भेटतो, तो आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी.

आता जरा कडक बोलते. धबधब्याच्या वर किंवा खाली, पाण्यात उतरायचं नाही. जुलै २०११ मध्ये तिथे माणसं प्रवाहात अडकून वाहून गेली, ती दृश्यं देशभर सगळ्यांनी पाहिली. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाणी वाढतं, कारण पाऊस वर, उगमाकडे पडलेला असतो. पाण्याचा रंग मातकट व्हायला लागला, काड्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, की फोटो राहू द्या, वर या. नदी वाचायची म्हणजे हे वाचायचं.

तिथेच इंग्रजांशी लढलेल्या तंट्या मामाचं मंदिर आहे. तंट्या भिल्लाला ४ डिसेंबर १८८९ला जबलपूरला फाशी झाली आणि देह पाताळपाणीच्या रुळांजवळ आणून टाकला असं इथले लोक सांगतात. गाड्या मामाला सलामी देऊन पुढे जायच्या. नास्तिक ड्रायव्हरसुद्धा थांबायचे म्हणतात, घाटात कोण पंगा घेणार!

आणि हा रूळ कुणाच्या पैशाचा? तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने. राजाने सरकारला कर्ज द्यायचं, वर जमीन फुकट. त्या पैशातून १८७०च्या दशकात खंडवा-इंदूर मीटरगेज झाली. घाटात चढ चाळीसाला एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गाडीला मागून धक्का द्यायला दुसरं इंजिन लावावं लागायचं. माझ्या सासूबाई त्याला ‘गाडीची मावशी’ म्हणायच्या. २०२३ मध्ये मोठ्या रुळाच्या, म्हणजे ब्रॉडगेजच्या कामासाठी ती लाइन बंद झाली. पाताळपाणी ते कालाकुंड एवढा साडेनऊ किलोमीटरचा तुकडा हेरिटेज गाडीसाठी राहिला, जी २५ डिसेंबर २०१८ला सुरू झाली होती. ही गाडी हंगामात, बहुतेक शनिवार-रविवारच्या सुमारास धावते. वेळा दर वर्षी बदलतात, त्या बघूनच निघा. चार बोगदे, थांबत थांबत खाली जायला जवळपास दोन तास. सराईत माणूस चालत तेवढ्यातच पोचेल!

कुणीतरी मघाशी विचारलं, मग रुळावरूनच चालत गेलं तर? नाही. तुमचे पणजोबा १८८०त रुळावरून चालायचे, ती गोष्ट सांगू नका. रुळावरून चालणं १९८९च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते. गाडीने खाली जा आणि कालाकुंडला उतरून नदीकाठाने चाला. तिथे चोरल शांत झालेली असते, खडकांवरून वाहते, पाण्याला आवाजही बेताचा. पळसाच्या पानाच्या द्रोणात कलाकंद मिळतो. एका द्रोणावर थांबायचं असं मी दर वेळी ठरवते.

उज्जैनबद्दल फार बोलत नाही, तिथे सगळे जातातच. फक्त एकदा महाकालाच्या रांगेऐवजी त्रिवेणीला उभे राहा, जिथे आपली कान्ह क्षिप्रेत शिरते. वास येतो. तो आपला असतो. २०१६च्या सिंहस्थासाठी कान्ह पाइपातून वळवून पुढे नेली आणि क्षिप्रेत २०१४ पासून नर्मदेचं पाणी सोडलं जातंय. म्हणजे यजमानांची नदी लपवायची आणि पाहुण्या नदीत स्नान करायचं. मला हे पटलेलं नाही, पण स्नान मीही केलंय.

फतेहाबादला मात्र जा. रतलामकडे जाणाऱ्या डेमूने, पालिया, अजनोद करत. १६५८च्या एप्रिलात औरंगजेब दक्षिणेतून नर्मदा ओलांडून घाट चढून वर आला आणि धरमतला गंभीर नदीकाठी त्याने आपल्या भावाच्या, दारा शुकोहच्या बाजूने लढणाऱ्या जसवंतसिंहाला हरवलं. गावाचं नाव त्या फतेहचं. त्याच लढाईत पडलेल्या रतलामच्या रतनसिंह राठोडांची छत्री, म्हणजे समाधी, तिथे आहे. गंभीरही महूकडूनच निघते, पण उत्तरेला. चोरलची चुलत बहीण, घर एक, सासर वेगळं. हिवाळ्यात तिच्या पात्रात गुडघाभरही पाणी नसतं. आणि हो, स्टेशनबाहेरचे गुलाबजाम. मी इतिहासासाठी जाते असं घरी सांगते.

गाडीच्या वेळेबद्दल एक कबुली. एकदा अकरा जणांना घेऊन गेले आणि परतीची गाडी चुकली, कारण माझ्या पर्समधलं वेळापत्रक दोन वर्षं जुनं होतं. सगळे मला ‘बाई’ म्हणणारे, कुणी रागावलं नाही. म्हणून जास्तच लाजले. टेम्पोत उभ्याने आलो, दोघांच्या डब्यातली दशमी सगळ्यांनी वाटून खाल्ली.

पुढच्या रविवारी पाताळपाणी आहे. राजेंद्रनगरच्या फलाटावर गाडीच्या वीस मिनिटं आधी या. बाटली घरच्या नळाची भरून आणा, विकतची नको. चोरलच्या काठावर ती थोडी ओतायची आहे. जलूदहून वर आणलेलं पाणी निदान एकदा आपण होऊन नर्मदेकडे जाऊ दे. गुडघ्यांचं विचारणाऱ्या काकू, तुम्ही रिक्षाने या, आम्ही धबधब्याशी भेटू.