सतरा गुणांची तयारी

(तालुक्यातील मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि स्वयंसेवकांसमोर, प्रौढ असाक्षरांसाठीच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या परीक्षेबद्दल केलेले भाषण, थोडे संपादित करून.)

जेवणाआधीचं सत्र वक्त्याला देतात ते त्यानं आवरतं घ्यावं म्हणूनच. तेव्हा योजनेची उद्दिष्टं वाचून दाखवत नाही. ती तुमच्या फाईलमध्ये आहेत. मला बोलायचंय ते सतरा या आकड्याबद्दल.

नवसाक्षरांची चाचणी १५० गुणांची. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. उत्तीर्ण व्हायला प्रत्येक भागात ३३ टक्के, म्हणजे सतरा गुण. वाचनात चाळीस मिळाले आणि लेखनात दहा, तर प्रमाणपत्र नाही. या एका नियमानं आपलं सगळं जुनं काम उलटंपालटं केलंय.

जुनं काम कसं होतं? १९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. सगळं गाव मिळून शिकायचं, आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. मिरवणूक, भाषणं, देवळापुढं शपथ. मी नोकरीला लागलो तेव्हा संपूर्ण साक्षरता अभियानाचे दिवस होते. तिथं जिल्हा साक्षर व्हायचा. मग २००९ ला साक्षर भारत आलं, २००१ च्या जनगणनेत प्रौढ स्त्रियांची साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी होती असे जिल्हे घेऊन. त्यात गावोगावी साक्षरतेचं काम बघणारे प्रेरक होते, थोडं का होईना मानधन होतं. २०१८ मध्ये ते थांबलं. आताचा कार्यक्रम २०२२ ते २०२७ चा. मोजमाप एकेका माणसाचं, प्रेरक नाही, मानधन नाही. स्वयंसेवक शिकवणार आणि जबाबदारी शाळेवर.

हे शाळेवर आलं तेव्हा काय झालं ते तुम्हाला आठवतंय. २०२३ मध्ये असाक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ सगळ्यांना तोंडपाठ झालं: जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून अशैक्षणिक काम नाही. दारोदार फिरून याद्या करणं हे शिक्षकाचं काम नव्हे, हे मलाही पटतं. पण यादीचा राग यादीतल्या बाईवर निघाला, एवढं मात्र आपण मान्य करू या. काही शाळांत वर्ग भरलेच नाहीत. नावं योजनेच्या ॲपवर चढली आणि माणसं थेट परीक्षेलाच भेटली.

एका केंद्रावर मी परीक्षेच्या दिवशी गेलो होतो. परीक्षा छान ठेवलेली असते, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आपल्या सोयीनं यायचं, तीन तास बसायचं. व्हरांड्यात एक आजी भेटली. म्हटलं, "आजी, कसा गेला पेपर?" म्हणाली, "लय चांगला. नातवानं समदा लिवला."

ती खोटं बोलली नाही. खोटं आपण बोललो.

तर आता सतरा गुणांकडे. तुमचा समज असतो की म्हाताऱ्या माणसाला अंक येतात, अक्षरं येत नाहीत. अर्धा खरा. बाजारात बसणाऱ्या बाईला साडेतीन किलो वांगी चाळीसच्या भावानं किती झाली विचारा, तुमच्या आधी ती एकशे चाळीस सांगेल. तेच लिही म्हटलं की ती लिहिते १००४०. बरोबरच आहे तिचं! शंभर लिहिले, पुढे चाळीस लिहिले. बोलण्यात जसं आहे तसं कागदावर आणलं. स्थानिक किंमत हा आपल्याला वाटतो तेवढा सोपा शोध नाही.

त्यात मराठीची आणखी एक गंमत. सदुसष्ट म्हणताना सात आधी येतो, म्हणून ती ७६ लिहिते. एकोणऐंशीत तर नऊ कुठे दिसतच नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मी त्या वेळी विरोधकांत होतो, भाषा बिघडेल म्हणत होतो. साठीच्या बायकांना शिकवायला बसलो आणि माझंच मत ढिलं झालं. वर्गात मी आता सरळ नोटा मांडतो. दहाच्या सहा नोटा, एकची सात नाणी. आधी नोटा लिही, मग नाणी. तोंडानं सदुसष्टच म्हण. तीन-चार संध्याकाळी जातात, पण ७६ बंद होतं. संख्याज्ञानाचे सतरा गुण इथंच आहेत. बेरीज-वजाबाकी तिच्या डोक्यात आधीपासून आहे.

लेखनाचं दुखणं वेगळं. "सही येते मला" असं म्हणणारे लोक यादीतून गळतात. अंगठा सुटला म्हणजे साक्षर, हे आपल्या मनात इतकं बसलंय. पण सही हे बऱ्याचदा चित्र असतं. रांगोळी काढावी तशी बाई ती काढते. तिच्या नावातलं 'मं' दुसऱ्या शब्दात दाखवा, ओळखणार नाही. म्हणून मी नावापासून सुरुवात करतो आणि लगेच नाव मोडतो. मंदा असेल तर मंदिर, दार, दाम, मका. शासनाच्या 'उजास' प्रवेशिका, म्हणजे सुरुवातीची पुस्तकं, वापराच, पण पहिला आठवडा तिच्या नावाचा, गावाचा, नवऱ्याच्या नावाचा. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायला लाजणाऱ्या बायका ते लिहायला मात्र हसत हसत तयार होतात.

पेन्सिल हा विषय हसण्यावारी नेऊ नका. खुरपं धरून घट्ट झालेल्या बोटांना बारीक पेन्सिल दुखते. आधी खडू आणि फरशी, मग जाड पेन्सिल. आणि उत्तरपत्रिकेची पहिली पानं भरण्याचा सराव वेगळा घ्या. नाव, जन्मतारीख, आसन क्रमांक. मुलांना हे आपण दहा वर्षं शिकवत असतो. या शिकणाऱ्यांपुढे चौकटी पहिल्यांदाच येतात आणि तिथंच हात थरथरतो.

आता चष्मा. एका वर्गात एक मावशी तीन आठवडे 'ब' आणि 'व' यांत घोळ घालायच्या. स्वयंसेविका सातवीतली मुलगी, कंटाळून गेली. (शाळेतली मुलंही स्वयंसेवक होऊ शकतात, आणि मोठ्यांपेक्षा ती चांगलं शिकवतात, कारण आपण काय विसरलो हे त्यांना अजून आठवतं.) मी सहज माझा चष्मा मावशींना दिला. त्या पानाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हितं पोटात रेघ हाय व्हय?" चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही हे आपल्याला माहीत आहे, पण जिनं कधी वाचलंच नाही तिला ते कळायचं कसं? तीन आठवडे आम्ही तिला मंद समजत होतो.

वेळेचंही तसंच. परीक्षा बहुतेक मार्चमध्ये. आपल्या तालुक्यातली निम्मी यादी दिवाळीनंतर कारखान्यावर ऊसतोडीला असते. डिसेंबरात वर्ग सुरू करून "लोक येत नाहीत" असा शेरा मारणाऱ्या शाळा मी पाहिल्यात. लोक गावातच नाहीत, येतील कुठून? पावसाळ्यात निंदणी असते, दिवसा बाया सापडणार नाहीत. पण रात्री साडेआठला, जेवणखाण आटोपल्यावर, त्या येतात. शाळा दूर असेल तर समाजमंदिरात बसा, ओट्यावर बसा. शाळेची वेळ ही मुलांची वेळ आहे, ती कुणी आकाशातून दिलेली नाही.

नापास हा शब्द या निकालात नाही. 'सुधारणा आवश्यक' असं लिहितात. शब्द चांगला आहे, पण गावात लोक तो नापासच वाचतात. निकाल वाटायला शिपायाला पाठवू नका. मुख्याध्यापकांनी स्वतः जावं, कोणत्या भागात किती गुण कमी पडले ते सांगावं, पुढच्या परीक्षेचं बोलून यावं.

आणि उत्तीर्ण झालेल्यांना पुढची वाट दाखवा. मुक्त विद्यालयातून पाचवी, आठवी देता येते, मग १७ नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न जाता बाहेरून दहावी. सगळे जाणार नाहीत. एका बाईंनी प्रमाणपत्र घेतल्यावर मला एवढंच विचारलं, "आता बचत गटाची वही मी लिहू का?" बारा वर्षं त्या गटाच्या अध्यक्ष होत्या. वही दुसरीच कुणी लिहीत होती.

घंटा झाली, मला ऐकू आली. जेवायला उठण्याआधी एक करा. तुमच्या शाळेची यादी पिशवीत असेल, ती काढा. प्रत्येक नावापुढे दोन रकाने ओढा. एकात चष्मा लागतो का, दुसऱ्यात दिवाळीनंतर गावात असणार का. उत्तरं आज तुमच्याकडे नसतील. पुढच्या बैठकीला भरून आणा, बाकीच्या माहितीचं नंतर बघू.